पाणचक्की खाम नदीकाठी असून तिला नदीचे पाणी का दिलेले नाही?

प्रश्न
नमस्कार. आमचा मुक्काम जालन्याला असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की वारंवार पाहण्यात आली. मात्र तिच्या रचनेविषयी दोन गोष्टी समजल्या नाहीत. भिंतीला लागूनच खाम नदी वाहत असताना चक्कीसाठी दुरून नहर (पाणी आणणारा जलमार्ग) आणण्याचे कारण काय असावे? आणि युरोपातील जुन्या गिरण्यांच्या चित्रांत दिसते तसे मोठे उभे चाक इथे का दिसत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १
आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: उंची. चक्की फिरवण्यासाठी पाणी वरून वेगाने पडावे लागते आणि खामचे पात्र तर वास्तूच्या पायाशी आहे. शिवाय ती पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी. म्हणून हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून मातीच्या नळांतून पाणी आणून, सायफनच्या तत्त्वाने ते उंच भिंतीच्या माथ्यावर चढवले आणि तिथून हौदात सोडले. नदीच्या वाट्याला फक्त वापरून झालेले पाणी येते.

चाक दिसत नाही, कारण ते दळणाच्या दगडाखाली आडवे बसवलेले आहे. पाण्याची धार त्याच्या पात्यांवर आदळते आणि चाकाचा उभा दांडा थेट वरच्या दगडाला फिरवतो, त्यामुळे मधे दातेरी चक्रांची गरजच उरत नाही. युरोपातील उभ्या चाकाच्या गिरणीत फिरण्याची दिशा बदलण्यासाठी अशी चक्रे लागतात, आणि त्यांची झीज व दुरुस्ती ओघाने आलीच. पाणी थोडे पण उंचावरून मिळत असेल, तर आडवे चाक सोयीचे ठरते; मराठवाड्यासारख्या प्रदेशात ही निवड मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

प्रतिसाद २
वरील विवेचनात दर्ग्याचा उल्लेख राहून गेला, आणि त्यावाचून ही चक्की कळत नाही. बुखाऱ्याच्या परिसरातून आलेले नक्षबंदी या सूफी पंथाचे संत बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह (सूफींचा मठ) इथे होती. तिथले फकीर, वाटसरू आणि आश्रित यांच्यासाठी या चक्कीवर पीठ दळले जाई. आयताकृती हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. दालन भक्कम खांबांवर उभे असून त्याची बाहेरची भिंत थेट नदीपात्रातून उठते. डोक्यावर सतत पाणी असल्याने भर वैशाखातही दालन थंड राहते. पर्यटक हौदातले मासे पाहून परततात. खाली उतरण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

प्रतिसाद ३
बांधकामाच्या वर्षाविषयी थोडे सावध राहावे. छापील माहितीत १६९५ आणि १७४४ ही दोन्ही वर्षे आढळतात. चक्की बांधण्याचे श्रेय हैदराबादच्या निजाम घराण्याचे संस्थापक निजाम-उल-मुल्क यांच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान या सरदाराला दिले जाते; पण निजाम-उल-मुल्क दख्खनचे सुभेदार झाले ते १७१३ मध्ये. त्यामुळे १६९५ हे वर्ष मला फार आधीचे वाटते. हौद आणि कारंजी जमील बेग खानाने नंतर जोडली, असे सांगितले जाते. म्हणजे वास्तू टप्प्याटप्प्याने वाढली असावी.

आणखी एक: मलिक अंबरने शहरासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी आणि ही पाणचक्कीची नहर यांची अनेकदा गल्लत होते. अंबरची नहर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे, म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहीच्याही आधीची.