सरावासाठी खोटं पिस्तूल पुण्यात कुठे मिळेल? रविवारच्या आत हवंय

कोथरूडचा_सेन्सेई:
रविवारी सकाळी मुलांच्या कराटे क्लासमध्ये पिस्तूल हिसकावण्याचा सराव घ्यायचाय. आणलंय ते वापरता येत नाहीये. तुळशीबाग, लक्ष्मी रोड पालथा घातला, सगळे टिकल्यांचं पिस्तूल पुढे करतात. ऑनलाइन मागवलं तर दहा दिवस. फक्त दुकानाचं नाव टाका, प्रवचन नको.

सदाशिवातली_अक्का:
आणलेलं का वापरता येत नाही? मोडलं का? आणि मुलं किती वर्षांची आहेत?

कोथरूडचा_सेन्सेई:
मोडलं नाही हो. एका पालकांनी कटकट केली.

फटफटी:
कशावरून? रंग कोणता, धातूचं की रबरी, मॅगझिन निघतं का?

कोथरूडचा_सेन्सेई:
काळं, धातूचं. मॅगझिन निघतं, त्यात प्लॅस्टिकचे छर्रे बसतात. पण मी भरत नाही ना!

फटफटी:
मग पालकांचं बरोबर आहे. ते सरावाचं नाहीच. सरावाचं भरीव असतं, एकाच ठोकळ्याचं, आत काही भरायला जागाच नाही. म्हणजे 'मी भरलं नव्हतं' असं कुणाला सांगायची वेळच येत नाही. रंगही निळा किंवा केशरी, लांबून बघणाऱ्याला कळावा असा. आणि ते काळं डिकीत टाकून हिंडू नका. नाकाबंदीत हवालदाराला काय सांगणार, कराटे?

सुभेदार_निवृत्त:
एअरगन घ्यावी. 4.5 मिमी आणि 20 ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. नेमबाजीने एकाग्रता वाढते. बालेवाडीला रेंज आहे.

सदाशिवातली_अक्का:
काका, त्यांनी एअरगन विचारलीय का?

नाना_पेठवाले:
मुळात पुण्यात पिस्तूल रोखतंय कोण? इथे कोयता निघतो. कोयत्याचा सराव घ्या. त्याहून बरं, पळायला शिकवा. मोबाइल मागितला तर देऊन टाकायचा.

फटफटी:
नाना, पळायलाही आधी माणूस नळीच्या समोरून बाजूला व्हायला हवा. तेवढंच शिकवतात हो.

नाना_पेठवाले:
दोन महिन्यांच्या क्लासने? राहू द्या. पोरं उगाच हिरोगिरी करतील.

नीलांबरी:
नानांशी अर्धी सहमत. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. बोट! आमच्या क्लासमध्ये (नाव नको) पिस्तूल धरणारी मी होते, बोट ट्रिगरच्या कडीत. समोरच्याने झटक्यात पिरगाळलं. बोट मोडलं, सहा आठवडे पोळी लाटता आली नाही. धरणाऱ्याने बोट कडीबाहेर, नळीला समांतर ठेवायचं. कडीच नसलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

रंधा:
सागाचा तुकडा आणा, कुठलाही सुतार तासाभरात कोरून देईल. चायनीज माल कशाला?

नीलांबरी:
साग तोंडावर बसला की दात पडतो, दादा.

फटफटी:
सेन्सेई, तुमच्या क्लासात कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या मॅट असतील ना? एखादी फाटकी घ्या. कागदावर आकार काढून कटरने दोन तुकडे कापा, रबराच्या गमने एकावर एक चिकटवा. कडी कापूच नका. रात्रभर वजनाखाली ठेवा. आणि रविवारी ते काळं घरीच, कपाटात. दोन्ही एकाच पिशवीत आणलीत तर एखाद्या दिवशी चुकीचं हातात येईल.

कोथरूडचा_सेन्सेई:
मॅट लाल-निळी आहे. निळीतून चार निघाली, बरी दिसतायत. उरलेल्या लालमधून नानांसाठी एक कोयता कापलाय. पण फोम हलका आहे, मुलांना खऱ्यासारखा वजनाचा अंदाज कसा येणार?

सुभेदार_निवृत्त:
म्हणूनच म्हणतोय, एअरगन.

सदाशिवातली_अक्का:
वजनाचं नंतर बघा. मुलं किती वर्षांची ते अजून सांगितलं नाहीत.