बोटावरचा आकडा आणि मेंदूतला ऑक्सिजन

वर निपाणीच्या ताईंनी लिहिलंय की घोरणाऱ्या मुलाच्या बोटाला रात्री ऑक्सिमीटर लावला, ९६ दाखवला, म्हणजे मेंदूलाही ऑक्सिजन पुरतोय. ताई, थोडं थांबा. तो आकडा धमनीतल्या रक्ताचा, मेंदूतल्याचा नव्हे. शिवाय साधं यंत्र काही सेकंदांची सरासरी दाखवतं, त्यात छोटी घसरण लपून जाते.

मेंदूसाठी कपाळावर पट्टी लावून अवरक्त प्रकाशाने मोजतात. त्यात बहुतेक शिरांमधलं, म्हणजे मेंदूने ऑक्सिजन वापरून झालेलं रक्त मोजलं जातं. त्यामुळे तिथे ७० दिसलं तर घाबरू नका, साधारण तेवढंच असतं. गंमत म्हणजे श्वास अडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त जातं. म्हणजे मेंदू स्वतःला बराच सावरतो. पण झोप मोडतेच, आणि दिवसाची चिडचिड बरेचदा तिथूनच येते.

आमच्या खानापुरात पावसाळाभर पोरांची नाकं चोंदलेली. आज्जी म्हणायची, "घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय!" भाच्याच्या बाबतीत आम्हीही तेच धरून बसलो. तोंड उघडं, मधेच श्वास थांबून दचकणं, पाच वर्षांचा होऊनही अंथरूण ओलं. शेवटी बेळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले निघाले.

ऑपरेशन लगेच करावंच असंही नाही. २०१३ च्या अमेरिकेतल्या चाचणीत झोपेत श्वास अडणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोप-तपासणी नॉर्मल आली, नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची. ऑपरेशन झालेल्यांची वागणूक जास्त सुधारली, लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र ठळक फरक नाही.

ताई, रात्री मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. छातीही दिसू दे.