शरण आलेला दरोडेखोर पुन्हा कुऱ्हाड उचलतो, हे फँटसी गेममध्ये आपण का चालवून घेतो?

रानजाई

स्कायरिम हा फँटसी गेम २०११ चा, पण आजही लोक तो नव्याने सुरू करतात, म्हणून उदाहरण त्याचंच घेते. डोंगरातल्या पडक्या किल्ल्यात दरोडेखोरांशी झुंज चाललेली असते. एकाची हेल्थ (जीव किती उरला ते दाखवणारा आकडा) तळाला जाते, तो गुडघ्यावर कोसळतो आणि ओरडतो, पुरे, मी हार मानतो! तुम्ही तलवार खाली घेता. आता पुढे काय? त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला बांधता येत नाही, हत्यार टाकून चालता हो असं सांगता येत नाही. थोड्या वेळात तो उठतो आणि तीच कुऱ्हाड घेऊन अंगावर येतो. पुढच्या वेळी कोणी गुडघ्यावर आला की आपण थांबत नाही. त्या ओळीचा काही उपयोग नाही हे गेमनेच आपल्याला शिकवलेलं असतं.

माझा आक्षेप मारामारीला नाही. गेमने अभय मागणारा माणूस उभा केला, त्याच्या तोंडी शब्द दिले, आवाजात भीती आणली, आणि अभय देण्याची वाट मात्र ठेवली नाही, याला आहे. यात दया दाखवणाऱ्याचं नुकसान होतं आणि न दाखवणाऱ्याला लूट मिळते. याच मालिकेतल्या आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) निदान खेळणाऱ्याला शरण जाता येत होतं. बचावाचा पवित्रा धरून समोरच्यावर बटण दाबायचं, आणि त्याचं तुमच्याबद्दल मत बरं असेल तर तो हात आवरायचा. म्हणजे ही कल्पना निर्मात्यांना सुचलेली होती.

आणि हे नीट करता येतं. किंगडम कम: डिलिव्हरन्स (२०१८) फँटसी नाही, १४०३ च्या बोहेमियातली (आजच्या चेकियातली) गोष्ट आहे, पण आहे आरपीजीच, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम. त्यात मार खाऊन खचलेला माणूस शस्त्र टाकतो, गयावया करतो, आणि त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवता. तुम्हालाही शरण जाता येतं. तिथल्या लढाया मला जास्त भीतीदायक वाटतात, कारण समोरच्यालाही जीव प्यारा आहे हे सतत जाणवतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: शरणागती ठेवायची असेल तर तिच्यामागे नियम हवा. तो करायचा नसेल तर ती ओळच काढून टाका.

गडकोट

पूर्ण असहमत. स्कायरिमसारखा गेम शंभर-दीडशे तास सहज चालतो आणि त्यात शेकडो दरोडेखोर भेटतात. प्रत्येकाने हात वर केले आणि दरवेळी सोडू की मारू अशी निवड समोर आली तर दहाव्या लढाईनंतर वीट येईल. ऑफिसातून आल्यावर तासभर मिळतो. त्या तासात मला लढायचं असतं, न्यायनिवाडा करायचा नसतो.

शिवाय ज्याने वाटेत लपून माझ्यावर बाण सोडला, तो हरत आल्यावर खोटं बोलला तर त्यात अस्वाभाविक काय? जीव वाचवायला शरण आल्याचं नाटक करून पुन्हा उठणारी माणसं खऱ्या लढायांतही असतातच. मला तर त्या दरोडेखोराचं पुन्हा उठणं पटतं. पाठ फिरवायची नाही हे त्यातून कळतं.

फासेवाला

गडकोट, हा प्रश्न व्हिडिओ गेमच्याही आधीचा आहे आणि त्याला चांगलं उत्तर मिळालेलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४), टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा फँटसी खेळ, निघाला युद्धखेळांमधून, आणि तुकडीचं मनोधैर्य कधी खचतं याचे तक्ते त्या खेळांत असायचेच. पुढे १९८१ च्या बेसिक नियमपुस्तिकेत प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा आकडा आहे, २ ते १२. त्यांच्यातला पहिला मेला की दोन फासे टाकायचे, आणि निम्मे पडले की पुन्हा. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की ते लढणं सोडतात.

गॉब्लिनचा, म्हणजे बुटक्या, किरकोळ राक्षसाचा, आकडा ७. म्हणजे बेरीज ८ किंवा जास्त आली की ते मोडतात: ३६ पैकी १५ शक्यता, चाळीस टक्क्यांच्या वर. सांगाड्याचा आकडा १२, म्हणजे तो कधीच मागे हटत नाही. एका आकड्यात कळतं की गॉब्लिनला जीव प्यारा आहे आणि सांगाड्याला घाबरायला काही उरलेलंच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. त्या नियमांत अनुभवाचे गुण, ज्यांनी तुमचं पात्र बलवान होत जातं, मुख्यतः खजिन्यातून मिळायचे, सोन्याच्या एका नाण्याला एक. गॉब्लिन मारून मिळायचे ५. आणि मारलंच पाहिजे असंही नव्हतं, नमवलं तरी गुण मिळायचे. त्यामुळे शरण आलेल्याला कापण्यात फायदाच नव्हता. संगणकावर खेळ आले आणि हिशोब उलटा झाला. १९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये मनोधैर्य होतं, शत्रू घाबरून सैरावैरा पळायचेही, पण गुण मारण्याचे. मग काय, आपण पळणाऱ्याचा पाठलाग करून त्याला पाठीत बाण घालायचो. बिघाड इथला आहे. दरोडेखोर खोटं बोलतो की खरं, हा नंतरचा प्रश्न.

कोडवाटा

गेममधल्या शत्रूंचं वर्तन लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आतून कसं चालतं ते सांगतो. स्कायरिमचा तो दरोडेखोर शरण येतच नाही. त्या इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम चालतो त्यात, प्रत्येक पात्राला आत्मविश्वासाची पातळी असते, 'भित्रा'पासून 'अविचारी धाडसी'पर्यंत. हेल्थ घसरली की त्या पातळीनुसार पात्र पळतं किंवा लढत राहतं. गुडघ्यावर पडणं ही वेगळी गोष्ट: मरू न शकणारी महत्त्वाची पात्रं जखमी झाल्यावर जसं करतात, तेच. 'हार मानतो' ही या अवस्थांना जोडलेली नुसती आवाजाची फाईल आहे. शरणागती नावाची अवस्थाच नसल्यामुळे ती मोडली असंही म्हणता येत नाही. हेल्थ भरली, की पात्र आपल्या मूळ कामाला लागतं.

ती अवस्था तयार करणं अवघड नाही, मॉडवाल्यांनी, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या खेळाडूंनी, केलीही आहे. अवघड आहे तिच्या भोवतीचं सगळं. जहागीरदाराचा कारभारी तुम्हाला दरोडेखोरांच्या म्होरक्याला मारायला पाठवतो. म्होरक्याच शरण आला तर ते काम पुरं झालं का? त्याचं चिलखत तुमचं की त्याचं? सोडलेला माणूस जाईल कुठे? तो शेजारच्या गावात पोचला आणि पहारेकऱ्यांनी त्याला तिथेच मारलं तर? प्रत्येक उत्तराला संवाद, आवाज, चाचणी. रानजाई म्हणतात तसा नियम करायचा तर त्याचा खर्चही मान्य करावा लागेल.

चांदणवेल

खर्चाचं कारण मला पटत नाही. अंडरटेल (२०१५) मुख्यतः एका माणसाने केलेला गेम. त्यात प्रत्येक शत्रूला सोडून देता येतं. सोडलं तर थोडे पैसे मिळतात, अनुभवाचे गुण शून्य. कोणालाच मारलं नाही तर तुमची हेल्थ शेवटपर्यंत २० च राहते, आणि शेवटचे शत्रू त्या २० वर झेलावे लागतात. तिथे दयेची किंमत खेळणाऱ्याच्या अंगावर येते, म्हणून तिला वजन आहे.

गडकोट

अंडरटेलमध्ये प्रत्येक राक्षस हाताने घडवलेला आहे आणि सगळी कथाच त्या एका प्रश्नावर उभी आहे. तो मोठ्या खुल्या जगाला लावू नका. आणि खरं सांगायचं तर मारलं म्हणून गेमने मला गुन्हेगार ठरवणं मला सहन होत नाही. दया मनापासून यावी. शेवट चांगला हवा म्हणून कोणाला सोडलं तर तो व्यवहारच झाला.

रानजाई

@गडकोट, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. आज दयेची किंमत आहे आणि मोबदला मात्र मारण्यालाच, म्हणजे व्यवहार आत्ताही आहेच, फक्त एका बाजूने. बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) हातघाईत शत्रूला न मारता बेशुद्ध पाडता येतं आणि गुण तेवढेच मिळतात. एवढं केल्यावर निवड पुष्कळ मोकळी होते. मिन्थाराला, म्हणजे गॉब्लिनांच्या तळावरच्या एका म्होरकीला, मारण्याऐवजी बेशुद्ध पाडलं तर ती पुढे पुन्हा भेटते, सोबतही येऊ शकते. तिथे माझी तक्रार इतकीच की पुढाकार नेहमी खेळणाऱ्याचा. चार साथीदार डोळ्यांदेखत पडले तरी पाचवा गॉब्लिन आपण होऊन हत्यार टाकत नाही.

आणि प्रत्येकाने शरण यावं असं मी म्हणतच नाही. टोळीतला शेवटचा उरलेला, किंवा म्होरक्या पडल्यावर बाकीचे, एवढंच करा. दोन-तीन तासांत एखाद वेळा. त्याने कोणाचा वेग मरणार नाही.

तांबडीमाती

माउंट अँड ब्लेडचं (२००८) नाव कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. त्यात बोथट हत्याराने पाडलेला माणूस मरत नाही, कैदी होतो. धारदार तलवार की गदा, हा निर्णय लढाईआधीच घ्यावा लागतो. कैदी सराईतल्या दलालाला विकता येतात, पकडलेल्या सरदाराची खंडणी मिळते. आणि सरदाराला काही न घेता सोडलं तर पैसे जातात, पण तुमची पत वाढते, त्याचं तुमच्याबद्दलचं मतही सुधारतं. न्यायनिवाड्याचा कंटाळा मला तरी कधी आला नाही. उलट पैशांची चणचण असताना त्याला सोडणं जड जायचं, म्हणून ते लक्षात राहिलं.

गडकोट

शेवटचा उरलेला शरण येणार, हे मला चालेल. पण माझी अट आहे. मी त्याला मारलं तर पडदा काळा करून उपदेश नको, सोबत्याचं तोंड फुगणं नको. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९, पुढे रहस्यभेद) दगाबाज सेनापती लॉगेनला जिवंत ठेवून आपल्यात घेतलं की आपला सोबती ॲलिस्टर सोडून जातो. ते मला आवडलं, कारण त्याचं भांडण खरं होतं, लॉगेनच्या दग्यात त्याच्या माणसांचा जीव गेला होता. तसं कारण नसताना गेमने मला बोल लावू नये.

रानजाई

उपदेश मलाही नको. मला परिणाम हवा. शरण आलेल्यांना तुम्ही मारत गेलात आणि त्यातला कोणी पळून वाचला, तर त्या मुलखातली पुढची टोळी तुमच्यापुढे हत्यार टाकणारच नाही. मरेपर्यंत लढेल. तुम्हाला लढायाच हव्या असतील तर त्या मिळतील, जास्त कठीण मिळतील. मी सोडत गेले, तर माझ्यापुढे टोळ्या लवकर मोडतील. कोणाला चांगलं-वाईट म्हणायची गरजच नाही.

कोडवाटा

हे मात्र स्वस्तात होईल. प्रत्येक टोळीगटामागे एक आकडा साठवायचा, आणि फासेवाला म्हणतात त्या मनोधैर्यात तो मिळवायचा. अडचण पळून वाचलेल्या साक्षीदाराची आहे. तो खेळणाऱ्याच्या नजरेआड गेला की बहुतेक गेम त्याला पुसून टाकतात, त्यामुळे बातमी पोचली हे गृहीत धरावं लागेल. आणि खेळणाऱ्याला ते कळायलाही हवं, नाहीतर शत्रू अचानक चिवट का झाले म्हणून तो बगची तक्रार करेल. सराईत कोणाच्या तरी तोंडी एक वाक्य घातलं तर भागेल.