मदत हवी आहे : दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये जतन केलेला तालुका आपोआप निवडला जात नाही

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीचे वेब ॲप्लिकेशन मी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये करत आहे. नवी नोंद विनातक्रार होते. अडचण दुरुस्तीच्या पानावर आहे. नोंद उघडली की नाव, पत्ता जागच्या जागी दिसतात, जिल्ह्याच्या ड्रॉपडाउनमध्ये 'पुणे' निवडलेले असते, परंतु डेटाबेसमध्ये जुन्नर असूनही त्याखाली 'तालुका निवडा' एवढेच दिसते. लिपिकाने ते न पाहता केवळ मोबाइल क्रमांक बदलून 'जतन करा' दाबले की मूळ तालुका पुसला जातो. अशा काही नोंदी मला बॅकअपमधून परत आणाव्या लागल्या.

जिल्ह्यांची यादी सर्व्हरवर तयार होते आणि जतन केलेला आयडी जुळेल त्या ऑप्शनवर मी 'सिलेक्टेड' लिहितो. तालुके मात्र एजॅक्सने (पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवून) येतात, म्हणून पान उघडताच जिल्ह्याचा चेंज इव्हेंट (निवड बदलल्यावर चालणारा कोड) चालवून लगेच पुढच्या ओळीत तालुक्याच्या सिलेक्टला, म्हणजे ड्रॉपडाउनला, जतन केलेला आयडी देतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे एरर दिसतात आणि कोड हाताने चालवता येतो) एरर नाही. तीच ओळ नंतर कन्सोलमध्ये हाताने चालवली, तर जुन्नर बरोबर निवडला जातो! सेटटाइमआउटने अर्धा सेकंद थांबून पाहिले. मुख्य कार्यालयात चालले, शाखेतल्या संथ इंटरनेटवर पुन्हा तेच. नावाने जुळवायचे नाही, कारण खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :

हाताने चालवलेली ओळ चालते, म्हणजे आयडी बरोबर आहे आणि वेळ चुकते आहे. एजॅक्सची विनंती पाठवून ब्राउझर उत्तराची वाट न पाहता पुढच्या ओळीवर जातो, तेव्हा यादीत जुन्नर आलेलाच नसतो. आणि यादीत नसलेली व्हॅल्यू दिली तर सिलेक्ट एरर न देता निमूटपणे रिकामा होतो. त्यामुळे तालुक्याला व्हॅल्यू देण्याचे काम, उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये सर्व ऑप्शन जोडून झाल्यानंतर करावे. खरे तर दुरुस्तीच्या पानावर जिल्हा आधीच माहीत असतो, तेव्हा पहिल्या वेळी तालुक्यांची यादीही सर्व्हरवरूनच 'सिलेक्टेड'सह पाठवावी, हे मला अधिक पटते. एजॅक्स फक्त जिल्हा बदलल्यावर वापरावे. शिवाय रिकामा तालुका सर्व्हरवरच नाकारावा. तपासताना एक ध्यानात असू द्या : साध्या रीलोडनंतर फायरफॉक्स फॉर्ममधली आधीची निवड धरून ठेवतो, त्यामुळे कोड सुधारूनही जुनेच दिसू शकते.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. सर्व्हरवरून यादी पाठवल्यावर शाखेतही जुन्नर पहिल्या फटक्यात दिसला. मात्र रिकामा तालुका नाकारताच मुंबई शहर जिल्ह्यातील सभासदांच्या नोंदी अडल्या, कारण त्या जिल्ह्याला तालुकेच नाहीत. आता ज्या जिल्ह्याची यादी रिकामी नाही, तिथेच ती अट लावली आहे.