पुरात बुडालेलं जुनं घर: ओल, बुरशी, दुरुस्ती (अनुभव धागा)

पूर ओसरला की बातम्या थांबतात आणि घरातलं खरं काम सुरू होतं. त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा. माती, चुना, जांभा, लाकूड यांचं घर पाण्याखाली गेलं, किंवा वर्षानुवर्षं गळून कुजलं, आणि तुम्ही ते परत राहण्याजोगं केलंत (किंवा नाद सोडलात), तर लिहा. काय वाचलं, काय फेकलं, कोणाचा सल्ला खरा निघाला. फ्लॅटच्या टेरेसची गळती कृपया इथे नको. माझं मत आधीच सांगते: गणपतीच्या आत घर रंगवून काढायच्या घाईने जुन्या घरांचं पुराइतकंच नुकसान होतं. पटत नसेल तर भांडा.

चिपळूणहून

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या शहरात शिरल्या, त्यात समुद्राची भरती. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, दरजा मातीच्या, आतून चुन्याचा गिलावा. फक्त माजघराला काकांनी नव्वदच्या सुमारास सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट दिला होता. पाणी पोटमाळ्याच्या तुळईला लागलं.

पहिलं काम गाळ. ओला आहे तोवरच काढा. वाळला की कुदळ लागते आणि कुदळीने जमीन उखडते. मीटर बंद करून वायरमनने सगळं तपासेपर्यंत एकही बटण दाबलं नाही. भिंती खालून वर नाही, वरून खाली धुतल्या.

मग वाट पाहणं. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे टॉवेल वाळत नाही, दीड फुटी भिंत कुठून वाळणार? चुन्याच्या खोल्यांवर आधी हिरवट बुरा आला, तो खरवडला, ऑक्टोबरचं ऊन लागलं तशा त्या भिंती कोरड्या होत गेल्या. माजघर मात्र वरून ठणठणीत दिसे आणि वास जाईना. शेवटी पाण्याच्या खुणेच्या वर हातभर सिमेंट फोडलं. मागे काळी बुरशी, चिरा हाताला गार आणि ओला. ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. ती भिंत पुढचा उन्हाळा संपेपर्यंत उघडीच ठेवली. येणारे-जाणारे विचारायचे, पैसे संपले का?

आणखी एक. दारं फुगून बसली की सुताराला बोलावू नका. शेजाऱ्यांनी ऑगस्टातच रंधा मारून घेतला. मार्चमध्ये त्याच दारांच्या फटीतून बोट जाऊ लागलं. आमची दारं आम्ही बिजागऱ्यांतून काढून सावलीत आडवी ठेवली. सागवान परत जागेवर येतं. प्लायवूडची कपाटं मात्र थर सुटून पुस्तकासारखी उघडली, ती गेली.

कोल्हापूरहून

आमचा २०१९चा ऑगस्ट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५च्या वर गेलं. घर भेंड्याच्या (न भाजलेल्या मातीच्या) विटांचं. ताई, भेंड्याच्या घराचं एक ध्यानात ठेवा: भिंत पाणी असताना तगली तरी पाणी उतरल्यावर पडू शकते. आतपर्यंत भिजून जड झालेली असते आणि बाहेरच्या पाण्याचा आधार निघून जातो. लोक खुशाल सामान काढायला आत शिरतात आणि तेव्हाच घात होतो. आम्ही आधी बाहेरून ओंडक्यांचे टेकू दिले, तुळयांखाली खांब उभे केले, मगच आत गेलो. तरी परसातली भिंत बसलीच. पुढचा सोपा (ओसरीसारखी खोली) वाचला, कारण तिथे छताचं वजन लाकडी खांबांवर आहे, माती नुसती मध्ये भरलेली.

आणि तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत फोटो काढल्याशिवाय खराटा हातात घ्यायचा नाही. प्रत्येक खोली, पाण्याच्या खुणेसकट.

पुण्याहून (स्थापत्य अभियंता)

ढोबळ हिशेब असा की जाड भिंत महिन्याला इंचभर वाळते, तीही हवा खेळती असेल तर. शंका असल्यास भिंतीवर वीतभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब धरले तर रंगाचा डबा उघडू नका. लाकडासाठी ओलावा मोजायचा मीटर मिळतो; २० टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच पॉलिश.

बुरशी कोरडी झाडू नका, तिचे कण घरभर उडतात. एन-९५ मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचने डाग पांढरा होतो, पण लाकडात मुरलेली बुरशी तशीच राहते. आणि ब्लीचिंग पावडर टॉयलेट क्लीनरच्या अॅसिडबरोबर कधीही वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. पुरानंतर सफाईच्या घाईत नेमकं हेच दोन्ही हातांत असतं.

भिंतीवर पांढरी पूड दिसली तर तो लोणा. कोरड्या ब्रशने काढायचा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत जातात.

महाडहून

चुन्याचं कौतुक वाचलं. छान. पण गवंडी कुठून आणायचा? आम्ही २०२१ नंतर विचारत फिरलो. जो तो म्हणे, सिमेंटचं असेल तर उद्या येतो. चुना विरवून मुरवायला वेळ, काम शिकलेली माणसं म्हातारी झालेली, आणि घरात सासूबाईंना दमा. सावित्रीचं पाणी पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार? आम्ही पाडलं. नवीन घराचं जोतं उंच घेतलं, खाली फक्त गाडी आणि सरपण. जुने खांब दिवाणखान्यात लावलेत. मला पश्चात्ताप नाही, आणि प्रत्येक जुनं घर वाचवलंच पाहिजे असं वाटतही नाही.

धागाकर्ती

महाडकर, दमा असेल तर वादच संपला. बुरशीच्या घरात दमेकऱ्याला ठेवून वारसा जपायचा नसतो.

पुण्याहून, आजेसासूबाईंच्या वतीने

१२ जुलै १९६१, पानशेत. वाडा शनिवारातला. त्या म्हणतात, पेठेतले मातीचे वाडे धडाधड बसले. आमचा तळमजला दगडी होता म्हणून तगला. नंतर दर दिवाळीला चुन्याची सफेदी, ऑइलपेंट घरात येऊ दिला नाही. तेव्हा ते शास्त्र म्हणून नव्हे, स्वस्त म्हणून.

न्यू जर्सीहून

१ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाचा पाऊस. शंभरीला टेकलेलं लाकडी घर, तळघर भरलं. इथे बुरशीची घाई उलटी: ओल्या ड्रायवॉलवर (भिंतीच्या जिप्सम-पुठ्ठ्याच्या फळ्यांवर) एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते, म्हणून ती पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत कापून फेकली, भिंतीत थंडी अडवायला भरलेला कापूस काढला, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) रात्रंदिवस चालू. चिपळूणकरांनी भिंत उघडी ठेवली, आम्हीही शेवटी तेच केलं. इथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते, आणि तळघराला तिच्यातही फार थोडं मिळतं.

चिपळूणहून, पुन्हा

कागदांचं राहिलं. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ला आणि पुन्हा २०२१ला पाणी शिरलं, त्यामुळे गावात हा विषय सगळ्यांना ठाऊक. खरेदीखतं, जुने सातबारे ओले असतील तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन चिकटतात. ताबडतोब वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. मग थोडे थोडे काढून पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

सावंतवाडीहून, सध्या ठाण्यात

आमच्याकडे पूर नाही, बंद घर. चार कौलं सरकली आणि कोणाला कळलं नाही. आढ्यापासून वासे कुजले, भिंतीवर बुरशी, खाली वाळवी. आता वर्दळ राहावी म्हणून शेजारच्या वहिनींना मागची पडवी काजू वाळवायला दिली आहे. त्या पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकतात. हे बरोबर की उलट ओल आत येते?

पुण्याहून (स्थापत्य अभियंता)

पाऊस चालू असताना बंद, उघडीप पडली की समोरासमोरच्या दोन्ही उघड्या. आणि मे महिन्यात कौलं चाळून घ्या, वहिनींना शिडी देऊ नका.