बाहेर तिखट, घरी गोड : आपल्या गावाकडचं खाणं (अनुभव धागा)

परवा हिंगणघाटहून वर्ध्याकडे येताना एका फाट्यावर थांबलो. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चूल, आणि तिच्यावर काळ्या गंजात (पातेल्यात) रटरटणारी चण्याची तर्री. पोहे सांगितले. मालकानं पोह्यांवर पळीभर तर्री ओतली, वरून कच्चा कांदा, सांबार, निंबाची फोड. अर्धी प्लेट होईस्तोवर नाकाडोळ्यांतून पाणी. विचारलं, "काही गोड हाय का?" तर हात न थांबवता म्हणाला, "गोड घरी खा बाप्पा. इथं तिखटच भेटते."

वर्ध्यापर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. खोटं कुठं आहे? आपल्या खेड्यापाड्यांत बाहेर खायचं म्हणजे तर्री, रस्सा, आलूबोंडा, मिरचीभजे. गोड व्हायचं ते घरात, तेही डब्यात जे सापडेल त्यातून. वर्ध्याचा गोरसपाक एवढाच काय तो अपवाद, आणि तो तर पाहुण्यांकडे न्यायला घ्यायचा, आपण खायचा नाही!

तर लिहा. तुमच्या फाट्यावरची, स्टँडवरची, बाजारातली खायची जागा सांगा, आणि घरात झटपट होणारं एखादं गोड. मोजमाप ठाऊक असेल तर उत्तम. "अंदाजे" लिहिलं तरी चालेल.

माझ्याकडून कणकेचा शिरा. एक वाटी कणीक अर्ध्या वाटी तुपात मंद आचेवर परतायची. खमंग वास शेजारी गेला पाहिजे. पाऊण वाटी गूळ दोन वाट्या पाण्यात उकळून, गाळून, ते गरमच कणकेवर ओतायचं. ओतताना तोंड लांब ठेवा, चर्रकन उडतं. दहा मिनिटांचं काम. माय हा शिरा आम्ही शाळेतून रडत आलो की करायची. त्यामुळं आम्ही बऱ्यापैकी रडायचो.

(बाहेरच्यांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.)

एसटीचा जुना कंडक्टर

तीस वर्षं यवतमाळ, वणी, पांढरकवडा ह्या बाजूला काढली. कोणत्या हॉटेलपुढं गाडी थांबवायची हे डायवर ठरवतो, आणि तिथं चहा कसा आहे ह्याचा त्या ठरवण्याशी काही संबंध नसतो, एवढंच सांगतो. पण स्टँडवरचा सकाळचा पहिला आलूबोंडा कधी दगा देत नाही. कढईतून निघालेला, मधे फोडून त्यावर रस्सा. दहा वाजल्यानंतरचा घेऊ नका.

खरं खाणं मुक्कामी गाडीचं. रात्री साडेआठ-नऊला शेवटच्या गावात पोचायचं, समाजमंदिरात पडायचं, पहाटे साडेपाचला निघायचं. हॉटेल कसलं, किराणा दुकानही बंद झालेलं असायचं. डबा गावातून यायचा. भाकर, फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी, वांग्याची भाजी. पैसे विचारले की माणसं रागवायची.

एका गावी एक म्हातारी होती. दर खेपेला डब्यात वेगळ्या फडक्यात कोहळ्याची बोंडं बांधून द्यायची. तिला मी नीट विचारून घेतलं. लाल कोहळं (म्हणजे लाल भोपळा) किसायचं, गुळासोबत गंजात मऊ होऊ द्यायचं. वरून पाणी एक थेंब नाही, कोहळ्याचं सुटतं तेवढं पुरतं. थंड झालं की मावेल तेवढी कणीक, चिमूट मीठ, वेलची असली तर. भज्यापेक्षा घट्ट भिजवायचं, हाताच्या बोटांवरून सुटेल असं. तेल मध्यम. "गूळ जास्त झाला का बोंडं तेलात फुटते, अन् मंग मानसं तोंडात हसते," हे तिचं. घरी केली तेव्हा पहिल्यांदा फुटलीच. गूळ कोहळ्याच्या निम्मा ठेवा.

वरुडची सून

माहेर कोल्हापूरचं, त्यामुळं तिखटाची भीती नव्हती. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "वावरातून सांबार आण." मी म्हटलं, वावरात सांबार? नवऱ्याकडं बघितलं, तो हसून हसून आडवा.

आमच्याकडं संत्र्याचे दोन बहार. आंबिया दिवाळीच्या पुढंमागं, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरात संत्री इतकी की खाऊन खाऊन जीव विटतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नणंदेच्या सासरचे जेवायला होते. मी हौसेनं दोन लिटर दूध आटवलं, साखर घातली आणि गरम गंजात संत्र्याच्या फोडी सोडल्या. डोळ्यांदेखत सगळ्याचं पनीर झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त गंज उचलून आत नेला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता करते ती अशी : दूध निम्मं आटवून, साखर घालून पूर्ण गार करायचं, फ्रिज असेल तर दोन तास आत ठेवायचं. संत्र्याच्या फोडींवरचा पापुद्रा, दोरे, बिया सगळं काढायचं, नुसता गर. तोही गार. वाढायच्या आधी पाच मिनिटं एकत्र करायचं. एक लिटर दुधाला चार संत्री बास. कंटाळवाणं काम फक्त सोलण्याचं आहे, ते मी नवऱ्याला टीव्हीसमोर बसवून करून घेते.

अकोल्याचा, सध्या रेल्वेनं रोज

लोक शेगावला महाराजांच्या दर्शनाला जातात, मी कबूल करतो की अर्ध्या वेळा कचोरीला जातो. १९५०च्या सुमारास स्टेशनावर सुरू झालेली ही कचोरी अजून फलाटावर मिळते. चपटी, आत मुगाच्या डाळीचं कोरडं तिखट सारण, सोबत तळलेली मिरची. गाडी थांबते तेवढ्यात खिडकीतून पैसे, खिडकीतून पुडकं. शेगावच्या नावानं बाहेर बऱ्याच ठिकाणी कचोरी विकतात, खाऊन बघितली. जाऊ द्या.

आणि प्रकटदिनाला आमच्या गावात पंगत असते : ज्वारीची भाकर, पिठलं, अंबाडीची भाजी, कांदा, हिरवी मिरची. पत्रावळीवर पिठलं पडताना वाफ तोंडावर येते. त्या चवीचं पिठलं घरी कधीच होत नाही. बायको म्हणते, मोठ्या कढईचा गुण आहे. मी म्हणतो, मी घरी भुकेला नसतो.

गोडाचं मला विचारू नका, मी फक्त खातो.

झाडीपट्टीतला

तुमचं वऱ्हाड वेगळं, आमची झाडी वेगळी. आमच्याकडं भाताचं राज्य. दिवाळी झाली की मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू आणि तिथून होळीपर्यंत नाटकं. वडसा हे त्या नाटकांचं गाव, कंपन्या तिथून निघतात. गावात नाटक असलं की प्रत्येक घरी पाहुणे, आणि पाहुणे आले की वडे. मधे भोक नाही, पुरीसारखे फुगणारे, रस्स्यात बुडवून खायचे. रात्रभर नाटक, मंडपाबाहेर भज्यांच्या कढया, शेकोटी, चहा. तिसऱ्या अंकाला झोप आली की बाहेर यायचं, मिरचीभजं खायचं, झोप पळते. मंडईत उकडलेले शिंगाडेही मिळतात, काळे, दोन शिंगांचे. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाडा निघतो. ते सोलताना पोट्ट्यांची नखं काळी होतात, शाळेत मार बसतो.

गोड आमच्याकडं झाडावरून पडतं. मार्च-एप्रिलात पहाटे मोह गळतो. टपटप आवाज येतो, खरंच येतो. बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की दारू आठवते. आमच्या आजीला पुऱ्या आठवायच्या. वाळवलेली फुलं हातावर चोळायची म्हणजे आतले बारीक केसर निघून जातात. हे केलं नाही तर घशात टोचत राहतं. मग धुवायची, थोड्या पाण्यात शिजवायची, पाट्यावर वाटायची. त्या लगद्यातच कणीक मळायची, साखर-गूळ काही नको. पुऱ्या काळपट होतात, दिसायला अगदीच गरीब. पण दोन दिवस टिकतात आणि जंगलात जाणाऱ्याच्या फडक्यात त्याच असतात. लाडू करायचे तर फुलं तव्यावर भाजून, भाजलेल्या तिळासोबत कुटायची. मोहाचा ओलावाच लाडू धरून ठेवतो.

शहरातल्या एका मित्राला दिल्या तर म्हणतो, "चढणार नाही ना?" पाच पुऱ्या खाल्ल्या त्यानं नंतर.

उमरेडकडची, शिक्षिका

सावजीबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? सावजी म्हणजे मूळचं हलबा कोष्ट्यांचं, विणकर घरांतलं जेवण. आता रस्त्यारस्त्याला पाटी दिसते. ओळखायची खूण माझ्या वडिलांनी सांगितलेली : रस्सा काळपट हवा, लालभडक नको. लाल रंग मिरचीचा, काळा भाजलेल्या मसाल्याचा. शाकाहाऱ्यांनी पाटोडी रस्सा मागवा. बेसनाच्या वड्या रस्सा ओतल्यावर लगेच खायच्या, वाट बघितली की पिठलं होतं.

एका भोजनालयात आम्ही सहा बायका गेलो तर मालकानं "फॅमिली आत" म्हणून गोदामात बसवलं, कांद्याच्या पोत्यांमध्ये. जेवण अप्रतिम होतं. पोत्यांमध्ये बसल्याचा राग अजून आहे. तरी पुन्हा गेलो, काय करणार.

वावरातला (दारव्हा तालुका)

राजेहो, तुमी सारे मोठमोठं लिहून राहिले, मी आपलं थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकनी. बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावाची अन् त्याले म्हनाचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरनाची पोळी पयले बैलाले, मंग आपल्याले. पुरन असं भरलं पायजे का पोळी उचलली तं हात खाली गेला पायजे.

पन झटपट म्हनता, तं पुरनपोळी झटपट नाही. सरगुंडे झटपट हाय, म्हंजे मेहनत उन्हाळ्यात अन् खानं कवाबी. बायाईनं रवा भिजवून, कुटून कुटून मऊ करा लागते. मंग त्याची बारीक दोरी वळून काडीवर गुंडाळत जाचं, हळूच सरकवून काढाचं, वाळवाचं. आतून पोकळ राह्यते. खाच्या वक्ती पान्यात उकडाचे, पानी काढून टाकाचं, वरतून आंब्याचा रस अन् तूप. पोकळीत रस शिरते, तेच तं सारं हाय! माह्या मायले अन् मावशीले खाटेवर बसून सरगुंडे करताना पाह्यलं हाय, दोघींचं तोंड चालू, हात चालू, काडी दिसतच नव्हती. आता माय एकटीच करते. मी वळून पाह्यले, माहे जाड होते, उकडता उकडता मदात पीठच राह्यते.

दुधासंगं खाणारे लोक हायेत म्हनते. खा बाप्पा, तुमची मर्जी.

पुण्यात अडकलेली वऱ्हाडीण

दुधासोबत खाणारी मीच. पुण्यात रस बाराही महिने मिळत नाही, भाऊ.

मला इथं सगळ्यात जास्त आठवतात ते रोडगे. मंदिरापुढं गोवऱ्यांचा हार (रचलेला ढीग) पेटवायचा, धग बसली की कणकेचे गोळे त्यात पुरायचे. पुरुष मंडळी फडक्यानं राख झटकत बसायची, आणि वर्षातून तो एकच स्वयंपाक ते करायचे म्हणून त्याबद्दल वर्षभर बोलायचे. वांग्याची भाजी एवढी पातळ की रोडगा कुस्करून तिच्यात बुडाला पाहिजे. मी इथं गॅसच्या तंदूरमध्ये करून बघितले. बाहेरून बरे, आत कच्चे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे बाटीच ना?" उत्तर दिलं नाही.

कच्च्या रोडग्यांचं काय करायचं म्हणून फोडून तव्यावर तुपात परतले, मिक्सरमधून जाडसर काढले, किसलेला गूळ आणि आणखी तूप. चुरमा. गावीही उरलेल्या रोडग्यांचं आई हेच करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी. तर माझी झटपट कृती अशी आहे की आधी रोडगे बिघडवा.

मेळघाटात नोकरीला (मूळचा अमरावतीचा)

घाईत लिहितो, रेंज जाते. चिखलदऱ्याच्या वाटेवर गवळ्यांच्या वस्त्या आहेत, चुलीवर मोठ्या कढईत खवा आटत असतो. बाई सराट्यानं कढईच्या कडा सारख्या खरवडत असते, ते थांबलं की लागला. गरम खवा पळसाच्या पानावर, वर साखर. ह्यापुढं मिठाईचं दुकान नको. एकदा मे महिन्यात दोन किलो घेऊन एसटीनं अमरावतीला नेला. घरी पिशवी उघडली तर आंबट वास. तेव्हापासून घेतला की क्वार्टरवरच थोडी साखर घालून परततो आणि मगच नेतो. खव्यात निम्मी पिठीसाखर, वेलची, आणि पोळीत भरून लाटायचं. पुरणासारखं शिजवणं-वाटणं नाही, एकट्या माणसाला जमतं.

वरुडची सून

कंडक्टर काका, काल तुमची बोंडं केली. वाडीतलंच कोहळं होतं. पहिला घाणा फुटला, कढईभर गुळाचे धागे. मग मूठभर कणीक वाढवली, आच कमी केली, दुसरा घाणा गोल गोल आला. सासूबाईंनी चार खाल्ली, पाचवं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "गूळ कमी झाला."