फोल्डरात फाइल पडली की स्क्रिप्ट आपोआप चालावी, काय वापरू?

फ्लेक्सवाला_राजारामपुरी
मंडळी, फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तिघं डिझायनर विंडोजवर काम करतात आणि तयार टिफ फाइल सांबावरून (विंडोज-लिनक्समधलं फाइल शेअरिंग) उबुंटू मशीनच्या एका फोल्डरात टाकतात. तिथं माझी स्क्रिप्ट इमेजमॅजिकनं छोटी जेपेग काढते, तीच गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जाते. सध्या क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) दर 5 मिनिटांनी चालतो. एरवी चालतंय, पण गणपतीत तालमीची पोरं काउंटरला टेकून उभी असतात, तिथं 5 मिनिटं लई झाली. शिवाय कधी कधी अर्धीच कॉपी झालेली फाइल क्रॉन उचलतो. परवा अध्यक्षांचा फोटो गळ्यापर्यंतच आला आणि तसाच पुढं गेला. पुढचं सांगत नाही.

कळंबा_कट्टा
भावा, इनोटिफाय-टूल्स टाक, त्यात इनोटिफायवेट मिळतं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही सोय 2.6.13 पासून, म्हणजे 2005 पासून आहे. फोल्डर सारखं उघडून बघावं लागत नाही, बदल झाला की कर्नलच कळवतं.

फक्त 'क्रिएट'वर स्क्रिप्ट लावू नको. फाइलीचं नाव आलं एवढंच त्यातून कळतं, आत माल आलाय का ते नाही. 'क्लोज राइट' घे. लिहिणाऱ्यानं फाइल बंद केली की तो येतो, तुझे अध्यक्ष पूर्ण दिसतील. जोडीला 'मूव्हड टू' घे, काही सॉफ्टवेअर तात्पुरत्या नावानं लिहून शेवटी नाव बदलतात. मॉनिटरचा पर्याय लाव, नाहीतर पहिल्या फाइलीनंतर ते थांबतं आणि परत चालू होईपर्यंत आलेल्या फाइली निसटतात.

उद्यमनगर_लेथ
जेपेग त्याच फोल्डरात काढू नकोस! आम्ही ड्रॉइंगच्या पीडीएफचं असंच केलं होतं. पीडीएफ पडली की स्क्रिप्ट, स्क्रिप्ट चालली की अजून एक पीडीएफ. सकाळी शटर उघडलं तर डिस्क गच्च.

रंकाळा_संध्याकाळ
मी सिस्टमडीचं (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारं) पाथ युनिट वापरतो, 'डिरेक्टरी नॉट एम्प्टी', म्हणजे फोल्डर रिकामं नसलं की सर्व्हिस सुरू. लाइट जाऊन आली तरी आधीपासून पडलेल्या फाइली सुटत नाहीत. काम झालेली फाइल मात्र तिथून हलवावीच लागते, नाहीतर सर्व्हिस परत परत सुरू होते.

कळंबा_कट्टा
पण फाइल पूर्ण आली का, हे ते बघत नाही. फ्लेक्सवाल्याचं दुखणं तेच आहे.

रंकाळा_संध्याकाळ
हे खरंय. मग इनोटिफायवेटच, पण ते बंद असताना काय आलं ते त्याला कधीच कळणार नाही. म्हणून क्रॉन काढून टाकू नका.

फ्लेक्सवाला_राजारामपुरी
हेच दुसऱ्या लिनक्स मशीनवरून शेअर माउंट करून, म्हणजे हा फोल्डर नेटवर्कवरून जोडून, चालेल का? ते मशीन जरा दमदार आहे.

कळंबा_कट्टा
नाही. डिझायनरनं केलेला बदल तिथल्या कर्नलच्या हातून जात नाही, त्यामुळं इनोटिफायला पत्ताच लागणार नाही. डिस्क ज्या मशीनला आहे तिथंच लाव.

फ्लेक्सवाला_राजारामपुरी
लावलं. क्लोज राइट, मूव्हड टू, जेपेग वेगळ्या फोल्डरात. क्रॉन ठेवलाय, पण तासाला एकदा, आणि गेल्या 10 मिनिटांत बदललेल्या फाइलींना हात लावत नाही. काल टिफ बंद होताच जेपेग तयार. आता पोरं मोबाइलवर बघून तिथंच नावांचा क्रम बदलायला लावतात, त्यावर काही असेल तर सांगा.

उद्यमनगर_लेथ
त्याला ॲडव्हान्स घ्यायचा मर्दा.